पहिला घाणा अव्वाचा

माझ्या आईला कुणी विचारलं, तुमची उज्ज्वला काय करते, तर ती सांगते, "कॉम्प्युटरचं करते." समोरच्यानं आणखी खोदून विचारलं तर म्हणते, "म्हणजे दुरुस्त करत नाही. पण दिवसभर त्याच्यापुढंच असते." वीसेक वर्षं मी कोल्हापुरात वेबसाईटी बनवते आहे आणि माझ्या धंद्याचं याहून नेमकं वर्णन मलाही जमलेलं नाही. दिवाळी अंकांत डॉक्टर लिहितात, पोलीस अधिकारी लिहितात, मागं एका गवंड्याचंही फार सुंदर वाचलं होतं. आमच्या जमातीचं कुणी फारसं लिहीत नाही. आमच्याकडं सांगायला रक्त नाही, चोर नाही, आणि आमची भिंत पडली तरी आवाज होत नाही.

गिऱ्हाइकांच्या लेखी वेबसाईट ही टाकायची गोष्ट असते. अंगणात पत्रा टाकतात, तशी. "ताई, एक वेबसाईट टाकून द्या की, फुडच्या आठवड्यात मुहूर्त हाय." मुहूर्त ठरलेला असतो, पेढ्यांची ऑर्डर गेलेली असते, फक्त वेबसाईट राहिलेली असते. शिवाजी पेठेत एका तालमीसमोर माडीवर आमचं ऑफिस आहे. दोन टेबलं, एक पंखा, आणि माझा पार्टनर महादू. महादू पेठेतलाच. फुटबॉलच्या हंगामात सामना असला की तो जेवायला म्हणून जातो आणि आवाज बसल्यावर परत येतो. कुठल्याही गोष्टीत दोन बाजू दिसल्या की त्यातली एक बाजू घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आमच्या धंद्यात तर पावलोपावली दोन बाजू असतात, त्यामुळं त्याचं बरं चाललं आहे.

आधी धंदा काय तो सांगते. वेबसाईटचा सगळा कोड आम्ही स्वतः लिहीत नाही. तारीख दाखवायची, फोटो सरकवायचे, फॉर्ममधला फोन नंबर बरोबर आहे का बघायचं, असली कामं जगात कुणीतरी आधीच करून ठेवलेली असतात आणि बहुतेक वेळा फुकट वापरायला दिलेली असतात. त्या तयार तुकड्याला पॅकेज म्हणतात. पंचाईत अशी की एका पॅकेजला आणखी चार पॅकेजं लागतात आणि त्या चारांना आणखी. लग्नात एका पाहुण्याला बोलवावं आणि त्यानं अख्खी भावकी घेऊन यावं, तसला प्रकार. ही भावकी मोजून, कुणाचं कुणाशी पटतं ते बघून, आपल्या मशीनवर आणून बसवायचं काम जो प्रोग्रॅम करतो तो पॅकेज मॅनेजर.

माझी सुरुवात झाली तेव्हा यातलं काही नव्हतं. फाईल इंटरनेटवरून उतरवायची, पेनड्राईव्हवर घ्यायची आणि जपून ठेवायची. दुसऱ्याकडं नवी फाईल आली की आपण आपला पेनड्राईव्ह घेऊन त्याच्या दारात जायचं. मग एनपीएम आलं. एक ओळ टाईप केली की सगळी भावकी दारात हजर! मी एनपीएमची झाले ती झालेच. महादूनं अर्थातच दुसरी बाजू घेतली. यार्न नावाचा नवा मॅनेजर आला तसा तो यार्नवाला झाला. यार्न तेव्हा खरंच वेगवान होतं, आणि कुठलं पॅकेज नेमकं कुठल्या आवृत्तीचं बसवलं ते लक्षात ठेवायचं, म्हणजे माझ्या मशीनवर चाललेलं त्याच्या मशीनवर बिघडायचं नाही. ती शिस्त पुढं एनपीएमनंही उचलली, वेगही वाढवला, पण महादूनं ते मान्य केलं नाही. आमच्या दोन टेबलांमध्ये दोन फूट जागा होती. तेवढ्यात त्यानं सीमारेषा आखली होती.

तिसरा आला पीएनपीएम. याची गंमत वेगळी आहे. एनपीएम प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये त्याच त्या पॅकेजांच्या नव्या प्रती मांडून ठेवतं. दहा साईटी असल्या तर तीच भावकी दहा वेळा जेवायला बसते, आणि मशीनची डिस्क बघता बघता भरते. पीएनपीएम एकच प्रत आणतं, मशीनमधल्या एका कोठारात ठेवतं आणि ज्या साईटला हवी तिथून त्या कोठाराकडं वाट काढून देतं. एकदा आणलेलं पॅकेज पुन्हा इंटरनेटवरून आणायला लागत नाही. हे कोठार वाचकांनी ध्यानात ठेवावं, पुढं त्याचं काम आहे.

पॅकेज आयतं मिळतं म्हणून माणूस सुटतो. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ओतकामाचा कारखाना असलेले एक मालक माझ्याकडं यायचे. साईट तयार झाली, त्यांनी बघितली, मान हलवली आणि म्हणाले, "ताई, वरनं बर्फ पडायला पायजे."

"साहेब, तुमच्याकडं भट्टी आहे. भट्टीवर बर्फ?"

"असूदे की. भारी दिसतंय. जर्मनीची पार्टी येनार हाय."

बर्फ पाडायचंही पॅकेज असतं. मी ते आणलं, त्यानं आपली भावकी आणली आणि चांगली सडपातळ साईट फुगली. जर्मनीचे पाहुणे आले, त्यांनी साईट बघितली आणि कागलला हिवाळ्यात किती बर्फ पडतो अशी काळजीनं चौकशी केली. मालक ते आजही अभिमानानं सांगतात. त्यांच्या साईटवर भर मे महिन्यात बर्फ पडत असतो आणि मला तो काढू देत नाहीत.

अक्का आमच्या माडीवर आल्या त्या एका फेब्रुवारीत. गडहिंग्लजच्या पुढं, सीमेच्या अलीकडं त्यांचं गाव. तिकडं मराठी आणि कानडी एकाच ताटात जेवतात. थोरल्या बहिणीला अक्का, थोरल्या भावाला अण्णा. ह्या मात्र सगळ्या गावाच्याच अक्का. गावातल्या बायकांना जमवून त्या चटणी करतात. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडं चटणी म्हणजे ताटातली ओली चटणी नव्हे. मिरची, धने, खोबरं, तीळ, कांदा, लसूण भाजून-कुटून वर्षाचं जे लाल तिखट करतात ती चटणी. ज्या यंत्रावर ती कुटतात तो डंक.

अक्का पायऱ्या चढून आल्या, टेकल्या आणि महादूला म्हणाल्या, "पावणं, जरा पंखा वाढवा." मग माझ्याकडं वळून एका दमात सगळं सांगितलं. मार्केटमधला एक व्यापारी त्यांची अख्ख्या हंगामाची चटणी उचलायला तयार होता. अट एकच, पाकिटावर नाव त्याचं. अक्कांचे थोरले बंधू अण्णा, जे जीप चालवून माल पोचवायचे, त्यांचं म्हणणं पडलं की द्यावी. माल पडून राहिला तर बायकांच्या घरात काय तोंड दाखवायचं? अण्णांचं चुकत नव्हतं. पण अक्का हटून बसल्या होत्या.

"माझ्या सासूची चटनी हाय ही. तिच्या सासूची हाय. आमी भाजायचं, आमी शिंकायचं आन् नाव त्यानं लावायचं व्हय?"

शेवटी बहीण-भावात ठरलं ते असं. मार्चात डंकाची पूजा करून हंगाम सुरू होतो. त्या दिवशी अक्कांची स्वतःची वेबसाईट चालली आणि तिच्यावर ऑर्डर पडली, तर चटणी अक्कांच्या नावानं जाणार. नाही पडली, तर अण्णा संध्याकाळी व्यापाऱ्याला होकार कळवणार. म्हणजे अक्कांचं नाव आता आमच्या दोन टेबलांवर येऊन पडलं होतं.

"तुमी नेमकं करताय काय ते मला कळूदे," अक्का म्हणाल्या. "मी डंकाफुडनं उठत न्हाय, तशी हितनं बी उठनार न्हाय."

हा आमच्याकडचा रिवाज आहे. बाई आपला माल घेऊन डंकावर जाते आणि कुटून पाकीट हातात येईपर्यंत समोरून हलत नाही. तिची मिरची दुसरीच्या मिरचीत मिसळू नये, कुणी दगा करू नये, आणि खरं सांगायचं तर आपल्या घाण्याचा वास आपल्याच नाकात जावा म्हणून. घाणा म्हणजे एका वेळी डंकात पडणारा माल. तो चालू असताना बाईला घरून बोलावणं आलं तरी ती म्हणते, घाणा हाय माझा.

मी म्हटलं, "अक्का, ब्याडगी मिरची एकीकडची, संकेश्वरी एकीकडची, खोबरं तिसरीकडचं. हे सगळं हुडकून आणणारा तो पॅकेज मॅनेजर. आणि आणलेलं सगळं एकत्र कुटून, चाळून, नेमक्या पाकिटात भरतो तो बंडलर. मग ते पाकीट गिऱ्हाइकाच्या फोनवर जातं."

"मग डंकच की!"

"डंकच."

तेव्हापासून आमच्या ऑफिसात बंडलरला डंकच म्हणतात. बंडलरमध्येही दोन बाजू होत्या, आणि त्या आम्ही वाटून घेतलेल्या होत्या. महादूचा वेबपॅक. वेबपॅक म्हणजे मानपानाचा जावई. सांगाल ते काम करतो, पण प्रत्येक बारीकसारीक गोष्ट त्याला लिहून द्यावी लागते आणि एक शब्द कमी पडला की रुसून बसतो. त्याचे सगळे रुसवेफुगवे महादूला पाठ होते आणि त्यातच त्याची प्रतिष्ठा होती. मी नुकतीच वीटवर गेले होते. शब्द फ्रेंच आहे, अर्थ 'झटपट', आपल्या विटेशी नातं नाही. वीट काम चालू असताना सगळं कुटत बसत नाही. पान जे मागेल तेवढंच पुढं सरकवतं आणि साईट प्रत्यक्ष पाठवायच्या वेळी तेवढा एकदा सगळा घाणा काढतं. त्यामुळं आपण एक अक्षर बदललं की पडद्यावर लगेच दिसतं. वेबपॅकची सवय असलेल्या माणसाला ते सुरुवातीला खोटंच वाटतं.

पहिली आवृत्ती अक्कांनी गावच्या एसटी स्टँडवर उभं राहून बघितली. गावात त्यातल्या त्यात रेंज तिथंच, तीही नावाला. त्यांचा फोन आला. "उज्जू, तुझं पान उघडंपतूर गिऱ्हाईक दुसऱ्याची चटनी लावून भाकरी खाऊन हात धुतंय."

मग आम्ही घाणा उकरून बघितला. पाकिटात काय किती वजनाचं पडलंय ते चौकोन काढून दाखवणारं एक साधन असतं. बघतो तर काय, ऑर्डरची एक तारीख दाखवायला आम्ही जे पॅकेज घेतलं होतं त्यानं जगातल्या सगळ्या भाषांतली महिन्यांची नावं बरोबर आणली होती. अक्कांच्या चटणीत फिनलंडचे महिने! चार चिन्हं वापरायची म्हणून घेतलेल्या पॅकेजात हजारो चिन्हं होती, विमान आणि जिराफसुद्धा. आम्ही दोघं दिवसभर हसत हसत निवडत बसलो. त्या दिवशी महादू यार्नचा नव्हता आणि मी एनपीएमची नव्हते. आठवणीत ठेवावेत असे जे दिवस या धंद्यानं मला दिले त्यांत तो एक आहे.

निवडून झालं, आता कुटायचं कुठल्या डंकावर यावर मात्र पुन्हा जुंपली. महादू म्हणाला, "सामना लावूया." एकच माल दोघांनी आपापल्या डंकावर कुटायचा, दोन पत्त्यांवर ठेवायचा आणि अक्कांच्या गावच्या स्टँडवर अक्कांच्याच फोनवर उघडून बघायचा. आम्ही खरोखर गेलो. अण्णा पंच झाले. माझं पान डोळ्याचं पातं लवेल एवढ्या फरकानं आधी उघडलं. महादू स्टँडवरच्या गाड्यावर गेला आणि एकापाठोपाठ वडे खात राहिला. मी त्या आठवड्यात असह्य झाले होते असं तो अजून सांगतो. पुढचं सगळं काम, ऑर्डरचं पान, तिखट-मध्यम-कमी तिखट अशी निवड, हे माझ्या आवृत्तीत झालं. त्याची आवृत्ती होती तिथंच थांबली.

कॉलेजात बोलवतात तेव्हा मुलं मला विचारतात, मॅडम, कुठला चांगला? मी सांगते, तिन्ही मॅनेजर चांगले, दोन्ही डंक चांगले. आमच्या सामन्यात दोन्ही पाकिटांचं वजन जवळजवळ सारखंच निघालं होतं, कारण जिंकलं होतं ते आमचं निवडणं. डंकात काय टाकतोय ते आधी बघा, एवढं मला तेव्हा कळलं होतं. दुसरी अर्धी गोष्ट डंकाच्या पूजेच्या दिवशी कळायची होती.

पूजेला आम्हा दोघांना आमंत्रण होतं. डंक धुऊन पुसून हळद-कुंकू लावलेला, कपाळावर विभूतीची बोटं ओढावीत तशी वर पांढरी बोटं ओढलेली, समोर नारळ. बायका नव्या लुगड्यात, डोक्यावर पदर. हंगामाचा पहिला घाणा गावातल्या सगळ्यात वयस्क बाईचा, असा तिथला नियम आहे. ती बाई म्हणजे अव्वा. वाकलेली, दात नसलेली, आवाज मात्र मिलच्या भोंग्यासारखा. कधीकाळी डंक नव्हता तेव्हा उखळात कुटून हात भरलेली बाई. नारळ फुटला, अव्वांचा घाणा पडला, आम्ही सगळे मनसोक्त शिंकलो. आणि अक्का म्हणाल्या, "पयला घाना अव्वाचा, तशी पयली आर्डर बी अव्वाचीच."

अव्वांनी कनवटीतून फोन काढला. नातवाचा उतरलेला, काच तडकलेली, मागचं झाकण रबर बँडनं धरलेलं. अक्कांनी त्यावर साईटचा पत्ता टाकला. पान पांढरं. वाट बघितली. पांढरंच. मी म्हटलं रेंज नसेल, डंकापाशी ती येऊन-जाऊन असते. पण शेजारी अक्कांच्या फोनवर साईट हळूहळू का होईना उघडलेली होती. बाकीच्या बायकांनी आपापले फोन काढले. काहींवर मिरचीचा लालभडक फोटो आला, बऱ्याच जणींवर पांढरं फटक. मी पांढरे फोन हातात घेऊन बघत गेले. सगळे जुने.

माझं तोंडच उतरलं. वीट आपल्या सवयीनं नव्या फोनांना समजेल अशा भाषेत कुटतं. जुन्या फोनांना ती भाषा कळत नाही, आणि न कळलेलं पान ते पांढरं दाखवतात. महादूनं आपल्या वेबपॅकला जुन्या फोनांसाठी मऊ कुटायला कधीचं शिकवून ठेवलं होतं. वीटमध्येही तशी सोय आहे, पण तिचं पॅकेज वेगळं बसवावं लागतं. मी बसवलं नव्हतं, कारण मी अक्कांच्या धंद्यासाठी घेतलेल्या नव्या फोनवर बघून खूश झाले होते. घरात नवा फोन येतो तो मुलाला. मुलाचा उतरलेला नवऱ्याला, आणि त्यानं टाकलेला बाईला. चटणी कोण मागवणार? बाईच. मी स्वतः बाई, तीही कोल्हापूरची, आणि हे माझ्या डोक्यात येऊ नये याचं मला आजही वाईट वाटतं.

अण्णा जवळ आले. रागानं नाही, उलट अगदी हळू आवाजात म्हणाले, "त्यो सांजंला फोन करनार हाय. काय सांगू?"

"थांब की जरा," अक्का म्हणाल्या, पण त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

महादूची आवृत्ती इंटरनेटवर चढवावी तर तिच्यात ऑर्डरचं पानच नव्हतं. ते वेगळं पॅकेज आणावं तर माझ्या मशीनवर ते कधीच आलेलं नव्हतं, आणि स्टँडवरच्या त्या रेंजवर त्याची भावकी उतरायला दिवाळी उजाडली असती. कोल्हापूरला जाऊन करून यावं म्हटलं तर संध्याकाळ त्याच्या आत होणार. मी लॅपटॉप उघडून नुसती बसले होते.

तेव्हा महादूनं आपला लॅपटॉप काढला आणि जमिनीकडं बघत म्हणाला, "ताई, ते पॅकेज हाय माझ्याकडं."

"तुझ्याकडं? वीटचं पॅकेज तुझ्याकडं कसं?"

"वाडीच्या लॉजची साईट केलती न्हवं."

नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला येणाऱ्या लोकांसाठी एका लॉजची साईट त्यानं केली होती, ते मला माहीत होतं. तिथं येणारे म्हातारे-कोतारे, त्यांचे फोन जुने, म्हणून त्यानं हे पॅकेज आठवणीनं बसवलं होतं. पण ती साईट वीटवर केली होती, हे मला माहीत नव्हतं!

"आणि यार्नमध्ये ते पॅकेज इथं रेंजशिवाय बसवणार कसं?"

"यार्न सोडून लई दिवस झालं," तो म्हणाला. "डिस्क भरलती. पीएनपीएम टाकलंय. कोठारात सगळं हाय."

"माझ्या साईटची पॅकेजं नसतील ना पण."

"ती बी हायती. सामन्याच्या आधी तुमचं सगळं उतरवून चालवून बघितलतं." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून म्हणाला, "समोरच्या टीमचा सराव बघाय नको व्हय?"

मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि मिठीही मारावीशी वाटली. वर्षानुवर्षं दोन फुटांच्या सीमारेषेपलीकडून वेबपॅकचा झेंडा फडकवणारा हा माणूस गुपचूप माझ्या बाजूला येऊन बसला होता, आणि हरल्यावर वडे खाताना हे सगळं पोटात ठेवून होता. मी माझ्या मशीनवरचा ताजा कोड पेनड्राईव्हवर घेतला आणि त्याच्या हातात दिला. सुरुवातीच्या दिवसांत देत होतो तसाच.

डंकाच्या खोलीतच एका पोत्यावर लॅपटॉप ठेवून महादू बसला. अव्वा उठून आल्या आणि त्याच्या शेजारी मांडी घालून बसल्या. अक्का म्हणाल्या, "अव्वा, हित्तं धूळ हाय, आत बसा."

"घाना माझा हाय न्हवं? मग मी उठत न्हाय."

काळ्या पडद्यावर ओळी सरकायला लागल्या. मध्येच एक लाल ओळ आली. एका पॅकेजची जी आवृत्ती हवी होती ती कोठारात नव्हती. अण्णा दारात उभे होते, ते आणखी एक पाऊल आत आले. महादूनं कोठारात होती ती थोडी जुनी आवृत्ती मागितली आणि पुन्हा चालू केलं. ओळी परत सरकल्या.

"किती बारीक कुटतुयास?" अव्वांनी विचारलं.

"तुमच्या फोनाला दात न्हाईत, अव्वा. त्याला बी खाता येईल इतकं."

अव्वा आपल्या बोळक्यानं खदखदून हसल्या. घाणा निघाला. निवडून टाकलेल्या सगळ्या फिनलंडांची आणि जिराफांची पुण्याई म्हणून पाकीट इतकं लहान झालं होतं की स्टँडवरच्या रेंजनंही ते चढलं असतं. प्रश्न फक्त स्टँडपर्यंत जायचा होता. मी काही बोलायच्या आत अण्णांनी जीपची किल्ली काढली. अव्वा पुढच्या सीटवर चढून बसल्या, त्यांना कोण अडवणार. मागं अक्का, मी आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेला महादू.

स्टँडवर जीप थांबली. पाकीट थांबत थांबत चढलं. अव्वांनी फोन पुढं धरला, अक्कांनी बोटानं पान पुन्हा उघडलं. काही क्षण पांढरंच होतं. अक्कांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. मग वरून खाली हळूहळू लाल उतरत आलं, आणि मिरचीच्या फोटोवर अक्कांचं नाव उमटलं. तडकलेल्या काचेतून ते तीन ठिकाणी मोडलेलं दिसत होतं. महादू माझ्याकडं न बघता म्हणाला, "वीट बरं हाय तसं." एवढीच काय ती त्याची शरणागती.

अक्का अव्वांच्या वतीनं ऑर्डर भरायला लागल्या. तिखट. एक किलो. नाव अव्वांचं. मग आलं, कुठं पाठवायचं. अव्वांची लेक इचलकरंजीला दिलेली, तिच्याकडंच जाणार असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

"अण्णा," अव्वा म्हणाल्या, "त्या व्यापाऱ्याच्या दुकानाचा पत्ता सांग."

अण्णा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते, ते वळले. "त्याला कशाला, अव्वा?"

"खाऊन बगंल की. आन् पाकिटावर नाव कुणाचं हाय ते वाचंल."

अण्णांनी आरशातून मागं अक्कांकडं बघितलं. अक्का बाहेर बघत होत्या आणि पदरानं नाक पुसत होत्या, चटणीनं असेल. मग अण्णांनी घसा खाकरला आणि दुकानाचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली, समोरच्या हॉटेलची खूण सांगितली. अव्वांचा फोन आता महादूच्या हातात होता, तो टाईप करत होता. पिनकोड मात्र त्यांनी परत एकदा सांगितला, एकेक आकडा सुटा करून, चुकू नये म्हणून.